गेला

योगिताच्या बापा,

हे पोरीकडून लिहून घेववेना, म्हणून मीच लिहितेय. पाठवणार कुठे? गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलास आणि समुद्रातल्या सरहद्दीपलीकडच्यांनी बोटच धरून नेली. तुझ्या जेलचा पत्ता कोणी सांगत नाही.

इथे झरीला कापलेलं भात शेतात होतं तोच पाऊस कोसळला आणि दाण्यांना कोंब फुटले. सरकारी भरपाई मंजूर झाली, पण जमीन तुझ्या नावावर, म्हणून मशीनवर अंगठाही तुझाच पाहिजे. मी किती खेपा घातल्या, कोणी ऐकून घेतलं नाही.

काल तलासरीला कचेरीत नवीन साहेब होता. त्याने विचारलं, "नवरा कुठंय?"

मी म्हटलं, "गेला."

आपल्या पाड्यावर बोटीवर गेलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात? पण साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा बाई. आधी का नाही सांगितलं? मृत्यूचा दाखला आणा, वारस म्हणून तुमचं नाव लावू. पैसे तुम्हालाच मिळतील."

जित्या नवऱ्याच्या बायकोला दारात उभी ठेवत होते, विधवेला खुर्ची दिली!

मी सांगणार होते रे. पण घरात ते कुबट तांदूळ तेवढे उरलेत, पोरीला पचत नाहीत. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदराखाली धरून बसले.

सोमवारी दाखला घेऊन बोलावलंय. त्याच्या आत ये.

अजून तुझी बायको,
भिकी