गावातला एकटा टॅक्सपेअर

१२ सप्टेंबर
ग्रामसभेत खड्ड्यांवर बोललो. सुरुवात नेहमीचीच : मी एक टॅक्सपेअर म्हणून विचारतो. अख्ख्या वरवट बकालात पगारातून इन्कम टॅक्स कापला जाणारा मी एकटाच असेन. बाकी सगळी शेती, म्हणजे करमाफ. शेजारचे उकंडराव म्हणाले, हाव भाऊ, रस्ता तुह्याच बापाचा हाय. दुर्लक्ष केलं.

६ ऑक्टोबर
नोकरी गेली. म्हणजे गेली नाही. चंद्रशेखर साहेबांचा फोन होता. बियाणे कंपनीत फेरबदल चाललेत, एरिया मॅनेजर कमी करताहेत, दोन महिने घरी थांबा, मी आहे ना. साहेब शब्दाचे पक्के. चारदा आमच्याकडे भरीत-भाकर जेवून गेलेत.
संकल्प : रिकाम्या वेळात इंग्रजी सुधारायचं.

१ डिसेंबर
साहेबांचा फोन नाही. बिझी असणार. इंग्रजी उद्यापासून.

९ जानेवारी, सकाळी
कृषी केंद्रात कंपनीचं नवं पोस्टर. माझा एरिया, माझा हुद्दा, फोटो साहेबांच्या साडूचा! साहेबांना सात फोन केले. आठव्याला नंबर ब्लॉक. ज्याला घरचा समजून वाढलं त्यानंच ताटात माती कालवली. बायकोला, रेणुकाला सांगितलं तर म्हणते, मले तं दसऱ्यालेच समजलं होतं. मग बोलली काऊन नाही?

३१ मार्च
आर्थिक वर्ष संपलं. नोकरी होती तोवर दर महिन्याला टॅक्स कापला गेलाय. म्हणजे या वर्षीचाही मी टॅक्सपेअर. साडू काय, कोणीच हे काढून घेऊ शकत नाही. पारावर चौघांना ऐकवलं.

२० जून
रिटर्न भरायला शेगावला, टॅक्सवाल्या इंद्रभानकडे. म्हणाला, कंपनी बारा महिन्यांचा पगार धरून कापत होती. तुम्हाला मिळाला सहाच महिन्यांचा. तेवढ्या उत्पन्नावर टॅक्स शून्य. कापलेलं सगळं परत येईल, पेढे आणा.
सगळं? मी म्हटलं, थोडं ठेवून घ्यायला सांगा, पाच हजार तरी. तो म्हणाला, सर, तसा रकानाच नाही.
अकरा वर्षं इमानदारीनं भरला. सरकारनंही हात झटकले.

४ ऑगस्ट
रिफंड आला, वर व्याज. रेणुकानं त्याच दिवशी मनालीच्या कॉलेजची फी भरून टाकली. पोरगी नाचली. ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं बजावलं होतं. संध्याकाळी रेणुका उकंडरावांकडे पेढे देऊन आली. घरचा भेदी!

१९ ऑगस्ट
रेणुकानं सेतू केंद्रात नेलं. तीन एकर माझ्या नावावर आहे. शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारचा हप्ता येतो, तो टॅक्स भरणाऱ्याला मिळत नाही. ती म्हणाली, आता तं तुमी भरत नाई, मंग लाज कायची?
रांग दारापर्यंत. उकंडराव पुढे होते. मला बघून सरकले, म्हणाले, ये भाऊ, माह्या जागी उभा राह्य, तुह्यं पहिल्यांदाच हाय. टोमणा नाही, काही नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.
कॉम्प्युटरवाल्यानं मान वर न करता विचारलं, मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरला काय? मागे सगळी रांग उभी.
नाही म्हणालो. त्याला ऐकू आलं नाही म्हणे. मग मोठ्यानं म्हणालो.