उलटी जाळी

सोमवार, ४
आलो बुवा एकदाचे! नव्या गावातलं पहिलंच काम, तेही ऐसपैस हॉटेलचं. भटारखान्याच्या सिंकखाली तेल अडवणारी पेटी बसवायची. तेल पेटीत तरंगत राहतं, पाणी तेवढं गटारात जातं, पाइप तुंबत नाही. जोडीला मेव्हणा आहे, बायकोचा भाऊ. खादाड नि चेष्टेखोर. बायकोने दहादा बजावलंय, त्याला सुखरूप परत आण.

मंगळवार, ५
जुनी पेटी उघडली. आधीच्या फिटरने अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे! खरकटं अडवायची जाळी सिंकच्या बाजूला हवी. याने गटाराच्या तोंडाला ठोकलेली, तीही जाड सळयांची. मुका वाटणारा आचारी पहिल्यांदाच बोलला, ती काढू नका म्हणे. का, ते सांगेना. मालक म्हणाला, त्याचं डोकं फिरलंय. जाळी भंगारात फेकली. मेव्हण्याने बाहेरच्या चेंबरमध्ये उतरून पाइपवर पान्याने दोनदा ठोकलं. म्हणजे पाइप मोकळा. ही आमची नेहमीची खूण.

गुरुवार, ७
नवी पेटी झकास बसली. पण आत तेलाचा टिपूस नाही! दिवसभर तळणीच्या कढया धुतात, मग तेल जातं कुठे? आचारीच चोरून विकत असणार. मेव्हण्याला पाळतीवर ठेवलं. तो म्हणाला, आचारी सिंककडे फिरकतसुद्धा नाही.

शुक्रवार, ८
पेटी चाटूनपुसून लख्ख. झाकणाला ओरखडे, आतल्या बाजूने. मालकाला दाखवले तर तो चार पावलं मागेच सरकला. आधीचा फिटर गाव सोडून गेला म्हणतो. मग त्याची हत्यारांची पिशवी अजून खुंटीला कशी? आचारी आज आलाच नाही. मला हे काही बरं दिसत नाही.

शनिवार, ९
भंगारातून जाळी काढून पाहिली. सळया वाकल्यात, सिंकच्या बाजूला. गटारातून कोणीतरी रेटलेल्या. खरकट्यासाठी नव्हतीच ती. गाढव मीच! मेव्हण्याला सांगायला हवं, पेटीला हात लावू नकोस –

दुपारी
पेटी उघडी. तो नाही. हाका मारून घसा बसला. एवढ्याशा पाइपात माणूस – छे, जाणारच नाही. बायकोला काय तोंड दाखवू?
मालक बाहेरून ओरडतोय, जाळी ठोक, आधी जाळी ठोक. ह्याला सगळं ठाऊक होतं! हातोडी घेऊन बसलोय. पण ठोकली आणि तो पलीकडे असला तर –

पाइपवर दोनदा ठकठक! आमची खूण! जिवंत आहे, देवा! आलो रे, हात घालतो, धर –

पण पाना – त्याचा पाना तर इथे, माझ्या पायाशी –