काम चालू, हात लावू नये

मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

कुलूप! सगळ्यात आधी कुलूप. गवंडी, रंगारी, फरशीवाला – सहा महिने किल्ली कुणाकुणाच्या खिशात फिरली देव जाणे. आणि छबूचं चाललंय, तुळस कुठं ठेवू. बत्तीस वर्षं फिटरची बायको म्हणून राहिली, पण कामाचा क्रम म्हणून कळत नाही. शेवटी कागदावर लिहून बारामतीच्या नव्या घराच्या भिंतीला चिकटवलं. कुलूप, टाकी, अर्थिंग, वाळवीचं औषध, मग सामान, मग देव.

तिनं वाचलं आणि म्हणाली, "आन् दादांचं?"

दादा म्हणजे म्हस्कू, माझा थोरला भाऊ. कळसला एकटा असतो. बायको जाऊन अठरा वर्षं झाली, पोर नाही, बाळ नाही. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्यापासून त्याला सांगत आलो – घर कंपनीचं हाय दादा, जास्तीचं माणूस ठिवता येत न्हाय, आपलं घर झालं की तुला नेतो. असला नियम कुठं लिहिलेला नव्हता. आमच्या ओळीत निम्म्या घरांत कुणाचा बाप, कुणाची आत्या राहतच होती. पण दादाला काय कळतंय.

छबूला म्हणालो, "यादीत असलं तेवढं बोल."

गुरुवार, ३० ऑक्टोबर

टाकी धुतली. म्हणजे छबूला आत उतरवलं. माझे गुडघे गेलेत, तिचे अजून शाबूत आहेत. शेजारचे बादशाहभाई गच्चीवरनं बघत होते. स्पेअर पार्टचं दुकान आहे त्यांचं, माणूस सरळ. "आवो, पोरगं लावून दितो की दुकानातलं," म्हणाले. कशाला? बाहेरचं माणूस टाकीत पाय घालणार, ते पाणी आपण पिणार. छबू वर आली तेव्हा थरथरत होती. चहा मागितला. म्हटलं, अजून तळाला चुना दिसतोय.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज डोकं सणकलं. सकाळी अर्थिंगच्या तारा बघायला आलो तर खालची खोली झाडून पुसून तयार! खाट टाकलेली. भिंतीला खुंटी. कशाला म्हणून विचारलं.

"दादांच्या घोंगड्याला," ती म्हणाली.

त्या घोंगड्याला अजून मेंढराचा वास येतो. मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली तरी येतो. हितं कंपनीतली, सेक्शनची माणसं येणार, उद्या व्याही येतील, आणि हा दारात बसून तंबाखू थुंकणार. शिवाय तो बघतो कसा – काहीच मागत नाही, नुसता बघतो. मला आयटीआयला घालायला दहा वर्षं मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडला, हे त्यानं आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. बोलला असता तर एकदा कचकचून भांडून मोकळा झालो असतो.

खाट बाहेर काढली. दाराच्या कडीला टॅग लावला, कंपनीतला माझा जुना – 'काम चालू. हात लावू नये. बिरदेव.'

प्लांटमध्ये मशीन उघडलं की फिटर आपल्या नावाचा टॅग लावतो. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही, कारण आत माणूस असतो. छबूला हे पक्कं माहीत आहे. टॅगकडं बघत उभी राहिली, मग खाटेची दोरी सोडायला लागली.

"कसलं काम हाय आत?" एवढंच विचारलं.

"ओल," म्हणालो. ओल कुठली? नवं घर!

रविवार, २ नोव्हेंबर

गाडीवर कळसला जाऊन आलो. देवांचा प्रश्न मिटवायचाच होता.

आमच्यात देव थोरल्याकडं. चांदीचे पाच टाक, पितळी डब्यात, भंडाऱ्यात ठेवलेले. नवं घर झालं की थोरल्यानंच ते उचलून आणायचे आणि बसवायच्या जागेवरच टेकवायचे. देव तर पाहिजेत, त्याशिवाय भावकी पाय ठेवायची नाही. पण देवांबरोबर दादा आत आला की गेला कशाचा!

म्हणून डोकं चालवलं. गुरुवारी वाळवीचं औषध मारायचं आहे, घर दिवसभर बंद. आम्ही वालचंदनगरला सामान बांधत असणार. दादाला गुरुवारच सांगितला. येईल, कुलूप बघेल, फोन लावेल, मी उचलणार नाही. डबा शेजारी देऊन जाईल. रविवारी घरभरणीला मी मांडून टाकीन. नंतर म्हणायचं, चुकामूक झाली.

दादा म्हणाला, "बेस्तरवारी? आपल्या देवाचा वार आयतवार न्हवं?"

"मुहूर्त काढून दिलाय तसा."

"बरं. तू म्हंतूस तर बेस्तरवार."

चहा केला त्यानं. कपाचा कान तुटलेला होता, मी निम्माच प्यायलो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बादशाहभाईंना सांगून ठेवलं – उद्या आमच्या रानातला गडी येईल, एक डबा देईल, ठेवून घ्या. भाऊ म्हणालो असतो तर त्यांनी त्याला घरात घेऊन पाहुणचार केला असता आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवला असता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फोन अकरा वेळा वाजला. छबू भांडी कागदात गुंडाळत होती. "कोनाचा हाय?" कॉलनी हापिसचा, म्हणालो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

औषधाचा वास जावा म्हणून खिडक्या उघडायला एकटाच गेलो. बादशाहभाईंकडं डबा मागितला. डबा नाही!

म्हणाले, "तुमचा गडी नवालाच आला. आमी लई म्हणलं, डबा द्या, आत बसा. तर म्हणला, ह्यात देव हायत, बसवायच्या जागीच टेकवायचं असत्यात, मधी खाली ठिवता येत न्हाईत." मग पायरीवर बसला. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. ऊन फिरलं तसा सरकत राहिला. फोनही त्याला बादशाहभाईंच्या बायकोनं, करिमावहिनींनीच लावून दिला. पाणीसुद्धा त्यांनीच त्याच्या तोंडाला लावलं, हात मोकळे नव्हते म्हणून. जेवला नाही.

"ह्यांच्यात किती वर्सं कामाला हाय म्हणून इचारलं," बादशाहभाई म्हणाले. "तर म्हणला, ल्हानपणापास्नं."

म्हणजे गडी म्हटलेलं ऐकूनही गप्प बसला. कुणी सांगितलं होतं एवढा शहाणपणा करायला? भाऊ हाय म्हणून ओरडायचं, तमाशा करायचा. मला काय, मी निभावलं असतं. असली माणसंच जास्त छळतात.

आणि देव घेऊन परत गेला. सगळा खेळ फसला.

रविवार, ९ नोव्हेंबर

घरात शिरलो. दूध उतू घातलं. जेवणं झाली, सेक्शनची नऊ माणसं आली होती. देवाच्या जागी बाजारातनं आणलेली तसबीर ठेवली. भावकीतल्या दोघांनी विचारलं, टाक कुठायत? पॉलिशला दिलेत, म्हणालो. त्यांनी हात जोडले नाहीत. पाणी पिऊन गेले.

दादाला बरं नाही म्हणून आला नाही, असं छबूला सांगितलं होतं. चुलीपाशी डोळे पुसत होती. शुभ दिवशी रडू नको म्हणून दटावलं. "ते आलं असतं तर," म्हणाली आणि परात ओढून घेतली. पुऱ्या गार वाढल्या तिनं. चारचौघांत बोललो तिला, बोललोच.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज फोन लावला दादाला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बिरू, औषध मारल्यालं व्हतं म्हनं घरात. इसरला असशील. गडबडीत हुतंय."

"देव?" मी विचारलं.

"देव एकदा जाग्यावरनं उचललं की त्याच जाग्यावर माघारी बसवत न्हाईत. तुझं दार बंद. म्या बिरोबाच्या देवळात दिलं. आता ते समद्या गावाचं."

"मला न विचारता?"

"इचाराय फोन केला हुता की."

रागाचा एक शब्द नाही. माझंच डोकं फिरलं. म्हटलं, तुला अक्कल नाही, एक डबा शेजारी ठेवता येत नाही? पिढ्यांचे देव घालवलेस! दादा म्हणाला, "छबूची तब्येत बरी हाय न्हवं?" मी फोन ठेवला.

टॅग अजून तसाच आहे. आत रिकामी खोकी टाकली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

करिमावहिनी वाटीत कसली तरी भाजी घेऊन आल्या. छबूबरोबर स्वयंपाकघरात बसल्या. मी बाहेर नळाचा वायसर बदलत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"त्या दिशीच्या बाबांना मी इचारलं," वहिनी म्हणाल्या. "आता हितंच ऱ्हानार का? तर न्हाय म्हणले. मालक लई वर्सं म्हणत्यात, नेतो म्हणून, पर आपल्याला गावच बरं. देव बसवायचं, मालकाचं घर एकदा डोळं भरून बघायचं आन् पाचच्या यष्टीनं माघारी. तिकीटाचं सुट्टं बी बांधून आणलं व्हतं धोतराच्या सोग्याला."

"कंचं बाबा?" छबूनं विचारलं. "कवा आलं हुतं?"

तो राहायला येणारच नव्हता.