नेलपॉलिशची चीर आणि पळालेले कण

तीर्थरूप मामांना थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. पेन टेबलाखाली गेलं होतं, एका वाकण्यात दोन्ही कामं उरकली.) तुमचे गुडघे काय म्हणतायत? मामीचा चष्मा सापडला का? मी मजेत आहे. वजन वाढलंय, अक्कल होती तेवढीच आहे.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "अगं, तू दिवसभर तिथे करतेस तरी काय?" आणि मी 'संशोधन' म्हणून मोकळी झाले. तर आता नीट सांगते. छातीत कफ साठलेल्या माणसाला औषध श्वासातून ओढायला देतात. त्या औषधाचे कण कफाच्या चिकट जाळ्यातून पलीकडे पोचतात की मधेच अडकून बसतात, हे मी सूक्ष्मदर्शकातून बघते. (हो, कफच. एवढं शिकून भाची लोकांचा कफ बघत बसते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायची काही गरज नाही.) तुम्हाला हे समजायला अवघड नाही. एकतीस वर्षं तुम्ही गच्च भरलेल्या बसमध्ये तिकिटं फाडलीत. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत कधी सरळ जाता आलं तुम्हाला? कुणाचं कोपर चुकवा, कुणाच्या पिशवीवरून पाय टाका, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि थांब्यावर चारजण उतरले की सगळ्या गर्दीची घडीच बदलायची. माझ्या कणांचंही तेच. फक्त बिचाऱ्यांना 'पुढे सरका, पुढे सरका' असं ओरडता येत नाही.

तर झालं असं, की दोन आठवडे आमचे कण ढिम्म हलेनात. जागच्या जागी थरथरायचे, बस्स. त्यातला एक तर असा ठाण मांडून बसला होता की आम्ही त्याला जावईबापू म्हणायला लागलो. आमच्या मॅडम (करारी बाई, वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एकदा चुकून) रोज विचारायच्या, "हलला?" मी म्हणायची, "नाही." संपला संवाद. आणि मग बुधवारी सगळेच्या सगळे कण धावत सुटले! जावईबापूसुद्धा उठले. मॅडम हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, तर त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलून शेजारच्या इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरांना शुक्रवारी अकराला बोलावलं. औषध पलीकडे जातंय म्हटल्यावर थांबणार कशाला? मी तर मनातल्या मनात भाषणसुद्धा केलं. त्यात तुमचा उल्लेख होता.

शुक्रवारी सकाळी नऊला सहज पुन्हा चित्रफीत लावली आणि खुर्ची पुढे ओढून बसले. सगळे कण एकाच दिशेला चालले होते, उजव्या कोपऱ्याकडे. मामा, तुम्ही एकदा मला काय म्हणाला होतात आठवतं? ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की बसमधली सगळी गर्दी पुढे जाते, त्याला कुणी चाललं म्हणत नाहीत. मी काच काढून पाहिली. नमुना वाळू नये म्हणून काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करतात. प्रयोगशाळेतली बाटली संपली होती, म्हणून मी माझी गुलाबी लावली होती. (तीच, जी नखांवरही दोन दिवस टिकत नाही.) कोपऱ्यात तिला केसाएवढी चीर पडली होती. नमुना तिथून वाळत होता आणि सगळा कफ कणांसकट तिकडे ओढला जात होता. कण कुठेच गेले नव्हते. त्यांना वाहून नेलं होतं.

माझ्या शेजारी बसतो त्याला आम्ही मोजपट्टी म्हणतो, कारण तो चहाही मापून पितो. तो हळूच म्हणाला, "आज गप्प बस. सोमवारी सांग. पाहुण्यांसमोर कशाला शोभा?" खरं सांगते, मामा, दहा मिनिटं मी गप्प बसायचं ठरवलंही होतं. पण मग वाटलं, उद्या कुणी धाप लागलेला माणूस हे औषध ओढेल आणि ते माझ्या नेलपॉलिशच्या भरवशावर! उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

ऐकून त्यांनी चित्रफीत स्वतः दोनदा पाहिली. मग म्हणाल्या, "हे तूच सांगायचंस. सगळ्यांसमोर." सांगितलं. छातीचे ते मोठे डॉक्टर शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे औषध जातं की नाही?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते मॅडमकडे वळून म्हणाले, "हिला सोडू नका." (मला आधी वाटलं, पोलिसांत देतायत.)

नंतर नवी काच, नवं पॉलिश, सगळं पहिल्यापासून. मंगळवारी दुपारी जाळं एका जागी जरासं सैल पडलं आणि एका कणाने टुणकन उडी मारली. शेजारच्या पोकळीत जाऊन पुन्हा बसला. तेवढंच. पण ती उडी खरी होती. मॅडम म्हणाल्या, "हलला." यंदाचं दुसरं हसू तेव्हा झालं.

मामीला नमस्कार. बाकी सगळं ठीक.

तुमची,
थोरली

ता. क. : एक विनंती होती, कशी करावी कळेना म्हणून एवढं लांबण लावलं. साठवलेला कफ बदलतो, म्हणून डॉक्टरांना ताजा नमुना हवाय, जुना खोकला असणाऱ्या माणसाचा. मी फुशारकीने तुमचं नाव देऊन बसले. बाटलीतून पाठवू नका, दोन तासांत शिळा होतो. तुम्हालाच यावं लागेल. विज्ञानासाठी, मामा!

ता. क. दुसरा, फक्त मामीसाठी : पत्र आधी तूच उघडतेस हे मला माहीत आहे, हा तुकडा फाडून ठेव. तीन महिने खोकतायत आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात, असं तू लिहिलं होतंस ना? इथे नमुना घेण्याआधी मोठे डॉक्टर स्वतः छाती तपासतात, एक्स-रे काढतात. तसा नियमच आहे. स्वतःसाठी ते येणार नाहीत, पण भाचीचं काम अडलंय म्हटल्यावर घरच्या चपलेवर निघतील. बूट घालायला लाव.