पोलादाला लावलेला कान

साक्री,
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. लोटन यास इंदिराअक्काचे अ. उ. आ.

तू फोन केलास की मला काही ऐकू येत नाही आणि मी उगीच हो हो म्हणत बसते, म्हणून हे पत्र. सूनबाई रत्ना म्हणते, आता पत्रं कोण लिहितं? तिला सांगितलं, आमच्या भावाबहिणीचं पन्नास वर्षांचं चालत आलेलं आहे, ते माझ्या कानांसाठी नव्यानं काढलेलं नाही.

काम असं. आपल्या भूपेंद्रची ऋतिका नौदलाचं पहिलं ट्रेनिंग संपवून रजेवर आली आहे. दिवाळी झाली, फराळ संपला, पण पोरीचं तोंड काही खुलत नाही. तिला इंजिनाच्या कामाला नेमलं आहे. समुद्र बघायला म्हणून गेले आणि आता जहाजाच्या पोटात बसून नटबोल्टांवर पाने फिरवू का, असं म्हणते. सोडून देण्याचा अर्जसुद्धा लिहून ठेवलाय. अठरा तारखेला निघायचं आहे, त्याच्या आत तो पाठवून देईन म्हणते. रत्ना आणि भूपेंद्र दोघंही हवालदिल झालेत.

दोष तुझाच आहे. तुझी आंतरदेशीय पत्रं मी आधी शाळेत पोरांना वाचून दाखवली, नोकरी संपल्यावर हिला. उडणारे मासे, पाण्यावर पेटणारा हिरवा उजेड, डेकवरची पहाट. आजी, आबांचा समुद्र वाच, असं म्हणत ती झोपायची. वेड तू लावलंस, आता समजूतही तूच घाल.

गुडघे कसे आहेत? दुकानात फार वेळ उकिडवा बसू नकोस. बाकी माया काही पत्रात मावायची नाही, ती समजून घे.

तुझी,
अक्का

•

असोदा,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिकास लोटनआबाचे अ. उ. आ.

आजीचं पत्र पोचलं. हे वाचून झालं की तिच्या हातात दे. यातली निम्मी कबुली तिच्यासाठी आहे.

पोरी, नौदलातली पंधराही वर्षं मी इंजिनरूममध्ये होतो. ती जागा पाण्याच्या पातळीखाली असते. तिथं खिडकी नसते. अंग भाजणारी धग, कानठळ्या बसवणारा आवाज आणि बोटांत मुरलेलं डिझेल. उडणारे मासे मी फार तर दोनदा पाहिले. बाकीचं सगळं माझ्या वरच्या बंकवर झोपणाऱ्या सिग्नलवाल्याचं. तो ड्यूटीवरून उतरला की मी विचारायचो, आज काय दिसलं रे, आणि तेच अक्काला लिहायचो. पत्र शाळेत वाचलं असं तिनं कळवलं की मला आणखी चेव यायचा. तिला फसवलं, तिच्या पोरांना फसवलं आणि आता तुलाही. मला त्याची लाज वाटते.

पण जे खरोखर माझं होतं, ते मी कधीच लिहिलं नाही. ते आज लिहितो.

आमचा चीफ बेअरिंगला पेचकसाचं टोक टेकवायचा आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायचा. मग त्या गदारोळातही एकेका बेअरिंगचा आवाज वेगळा ऐकू येतो. मला ते जमायला दोन वर्षं लागली. तेहतिसाव्या वर्षी पेन्शनीत निघालो तेव्हा तेवढीच विद्या गाठीला होती. तिच्यावर इथं दुकान टाकलं. केळीवाल्यांच्या मोटरी मी खोलायच्या आधी ऐकतो. लोक हसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्याकडेच येतात.

एकदा भर समुद्रात दुरुस्तीसाठी इंजिन थांबवलं. इतकी शांतता मी जहाजावर कधी अनुभवली नव्हती. सहज म्हणून जहाजाच्या भिंतीला पेचकस लावला. बोटभर पोलादाच्या पलीकडे समुद्र होता. आधी पाणी घासून गेल्याचा आवाज आला, जात्यातून पीठ पडावं तसा. मग फार खालून, फार लांबून कुणीतरी हुंकार दिला. लांबलचक. तो थांबला, आणि मग पुन्हा आला. माझ्या अंगावर काटा आला आणि रडूच फुटलं. मी चीफला बोलावलं. त्यानं ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच म्हणाला, देवमासा आहे. वर डेकवर सगळे उभे होते, त्यांना सपाट पाणी दिसत होतं. त्याखाली कुणी बोलतं आहे, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यानंतर समुद्र दिसला नाही याचं मला वाईट वाटलं नाही. लिहिलं नाही, कारण शब्द सापडेनात. शिवाय शाळेतल्या पोरांना मासे आवडायचे.

जायचं की नाही ते तू ठरव. सोबतच्या पार्सलात तो पेचकस आहे, लाकडी मुठीचा, चीफनं मला निघताना दिलेला. अर्ज पाठवण्याआधी एकदा मळ्यातल्या विहिरीवर जा आणि मोटर चालू असताना पाइपाला लावून ऐक. तारांपासून मात्र लांब राहा.

आबाचा राग आला असेल तर येऊ दे. माया तेवढी कमी करू नकोस.

तुझा,
लोटनआबा

•

साक्री,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

चि. लोटन यास अक्काचे अ. उ. आ.

पत्र आणि पार्सल दोन्ही पोचलं. ऋतिकानं पत्र वाचलं. मग माझ्यावरच उखडली. आबांनी तुला इतकी वर्षं फसवलं आणि तुला काहीच कसं वाटत नाही, म्हणाली. मी ट्रंकेतून तुझी पत्रं काढली आणि घडीवरचे अंगठ्यांचे काळे ठसे तिच्यापुढे धरले. प्रत्येक पत्रावर आहेत, लोटन. डेकवर उभं राहून मासे बघणाऱ्याचे अंगठे असे नसतात, एवढं मास्तरणीला कळणार नाही का? मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दिवसभर धगीत राहून हा माझ्यासाठी मासे गोळा करतो, याचंच मला अप्रूप वाटायचं, म्हणून मी वाचत राहिले. आता तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, म्हणून दोष तुझ्या माथी मारला.

या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. रविवारी कांद्याला पाणी सोडलं होतं. ऋतिका पेचकस घेऊन विहिरीवर गेली, मागोमाग मी. तिनं तो पाइपाला लावला आणि कितीतरी वेळ हललीच नाही. चेहरा असा झाला की मला भीती वाटली. मग तिनं मूठ माझ्या कानामागे टेकवली.

लोटन, बारा वर्षांत मी पाणी ऐकलेलं नाही. नळाचं नाही, पावसाचं नाही. आधी हाड नुसतं थरथरलं. मग पाणी आलं. खालच्या काळोखातून वर धावत येणारं, अंगावर येईल असं. मला कळेना मी कुठं आहे. मी म्हणाले, "पोरी, पाणी चढी ऱ्हायनं!" बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते समजत नाही. शेजारच्या वावरात काम करणारा नवलभाऊ, म्हातारी विहिरीत पडली असं समजून, धावत आला. त्यानं बघितलं तर आम्ही दोघी पाइपाला चिकटून रडत होतो. लाइट जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.

अर्जाचं काय केलंस, हे मी विचारलं नाही. काल सकाळी ती साक्री स्टँडवर बसमध्ये चढली, तेव्हा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून लाकडी मूठ डोकावत होती.

मासे दाखवलेस ते माफ. पण तो हुंकार इतकी वर्षं एकट्यानं ठेवून घेतलास, ते माफ नाही. पोरगी पेचकस घेऊन गेली आणि विहीर पुन्हा मुकी झाली. दुसरा आण, लाकडी मुठीचाच. पार्सल नको, हातातली मोटर बाजूला ठेव आणि स्वतः ये. विहिरीवर उभे राहू, एकदा तू ऐक, एकदा मी.

वाट बघते.

तुझी,
अक्का