माळ्यावरचा बिजा

प्रिय योगेश्वरी,

फोन तू मधातच कापतेस, म्हणून कागद घेतला. कागद फाडता येते, पण फाडायच्या आधी वाचावा लागते. माझी शाळा दुसरीतच सुटली. वेलांट्या चुकतील, तू सुधरून घे.

इकडं धानाची रोवणी आटोपली. नवेगावच्या बांधाले पाणी चढलं. शेजारच्या छोटेलालच्या म्हशीनं माझा दोडक्याचा वेल खाल्ला. त्याले म्हटलं, म्हैस तुझ्यावरच गेली. तर तो हसते. परवा तुझ्या बापाचा फोन होता. मोठ्या खुशीत सांगत होता का तू गोंदियातलं वाद्यं बनवायचं वर्कशॉप बंद करून राहिली, रंधे विकणार अन् मोबाईलच्या दुकानात लागणार. मी म्हटलं, लोकेंद्र, पोरगी हरली तर तुले इतका आनंद काऊन? तो म्हणे, माय, पोरीच्या जातीनं लाकूड किती दिवस घासायचं? मी म्हटलं, तुझ्या मायनं जन्मभर भांडे घासले, तेव्हा नाही मोजले दिवस. मग त्याले रेंज मिळेना.

नागपूरच्या त्या वाद्य बनवणाऱ्यांच्या संमेलनाले तू मले कायले नेलं ते मले माहीत आहे. बाप येत नव्हता अन् वाद्याजवळ बसायले कोणी तरी पाहिजे होतं. तुले वाटलं असेल, बुढी बसल्या बसल्या झोपली. मी सारं पाहत होती. हॉलभर टेबलं, त्यावर लहान-मोठ्या पट्ट्या मांडलेल्या, कोणाच्या लाकडाच्या, कोणाच्या धातूच्या, अन् खाली नळ्या लटकलेल्या. वाजवणारे दोन हातात चार काड्या धरून, काडीच्या टोकाले लोकरीचा गोळा. मले वाटलं होतं, बनवणारे लोक आपलंच वाजवून मिरवतील. पण ते तर एकमेकाच्या टेबलाजवळ जाऊन, पट्टी दोन बोटात धरून, टकटक करून कान लावून राहिले. बाजारात आम्ही मडकं घेतो तसंच. तिथून माझं मन लागलं.

मग तो जबलपूरचा दुर्गाप्रसाद आला, पांढऱ्या मिशांचा, स्वतः मरिंबा, म्हणजे तुझ्यासारखंच लाकडी पट्ट्यांचं वाद्य, बनवणारा. तुझ्या मरिंबाच्या आखूड पट्ट्या त्यानं वाजवल्या, मान हलवली, मी खूश. मग लांब पट्ट्यांवर आला. ढप. पुन्हा ढप. म्हणे, बेटी, हाथ अच्छा है, लकडी कच्ची है. तुझं वाद्य घेऊ म्हणणारी रायपूरच्या शाळेची बाई बाजूलेच उभी. खालचे सूर बोलले तर दिवाळीत घेईन, असं सांगून गेली. आरागिरणीतलं ताजं लाकूड घाईघाईत ऊन दाखवून तू पट्ट्या केल्या होत्या. जुनं, वाळलेलं बिजाचं लाकूड कुठं मिळते, असं तू त्याले विचारलं, तर म्हणे, नसीब से. परतताना गाडीत तू खिडकीकडं तोंड करून बसली. मी चिवडा दिला तर तोही घेतला नाही. चिवडा नाही म्हणणारी पोरगी पुढं कशाकशाले नाही म्हणेल, तेव्हाच समजली मी.

दुर्गाप्रसादचा मले रागच आला होता. पण ढप म्हणजे ढपच. फुटकं मडकं मीही घेत नाही.

घरी आल्यावर छोटेलालले चुलीवरच्या माळ्यावर चढवलं. तिथल्या लाकडाले हात लावला म्हणून लहानपणी तू माझ्या हातचा मार खाल्ला, तोच माळा. फळ्या खाली आल्या, धुरानं काळ्या, कीड कुठं नाही. पोळ्या लाटायच्या बेलण्याले जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळली, एक फळी दोरीवर टांगली अन् ठोकली. तो आवाज तुझ्या पणजीच्या टोमण्यासारखा. टोमणा देऊन सासू शेतात निघून जाय, अन् तो घरात घुमतच राहे. छोटेलाल म्हणे, काकी, आणखी एकदा.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते लिहिते म्हणजे झालं. शेताच्या धुऱ्यावरचा बिजा वादळात पडला तेव्हा तुझ्या आज्यानं फळ्या पाडून दोन वाटे केले. एक त्याच्या सरणाचा, एक माझ्या. म्हणे, आपल्यासाठी पोरानं कोणाच्या दारी लाकूड मागायले जाऊ नये. त्याचा वाटा त्याच्यासंगं गेला. राहिला तो माझा. तो छोटेलालच्या पिकअपमध्ये भरला आहे, अन् हे पत्रही त्याच्याच हाती देऊन राहिली. बापाले सांगू नको, तो रडत बसेल. मले बाभूळ चालते, गोवऱ्या चालतात. मी काही वाजणार नाही. तू फळ्या उतरवून घे, छोटेलालले चहा पाज, अन् रंधे विकले असतील तर आजच परत आण. दिवाळीत रायपूरच्या बाईच्या आधी मले ऐकव.

तुझीच बुढी,
निर्मला