गिरणी पुन्हा सुरू होणार

रविवार संध्याकाळ, नाशिक

आज पहिल्यांदाच माझ्या सहलीच्या पाहुण्यांना घाटापलीकडच्या आमच्या गिरणीच्या गावी नेलं. डोंगर, धुकं, बंद सूतगिरणीची उंच चिमणी, फोटोंना अजून काय हवं. पण सहलीच्या जाहिरातीत मी ‘जुना कामगार भेटेल’ असंही लिहून बसलो होतो. अण्णा, म्हणजे माझेच वडील, एरवी गिरणीच्या फाटकाकडे फिरकत नाहीत. म्हणून काल फोनवर त्यांना सांगितलं, "साहेब लोक येतायत. गिरणी पुन्हा सुरू करायची म्हणतात." आवाजही हलला नाही माझा.

सकाळी पोचलो तर ते फाटकाशी उभे. इस्त्रीचा शर्ट, आणि घाईत दाढी करताना हनुवटीवर कापलेलं. तासभर त्यांनी एकेक यंत्र हात लावून समजावलं, कुठला पट्टा बदलावा लागेल तेही सांगितलं. पाहुणे खूश. पुढच्या रविवारी आणखी साहेब येतील, असंही मी अण्णांना सांगून टाकलं. मी सारखा ती कापलेली हनुवटी बघत होतो. निघताना त्यांनी एका बाईंना हात जोडून विचारलं, "मॅडम, कामावर कधीपासून येऊ?" सगळे हसले, त्यांना विनोद वाटला. मीही हसलो. का हसलो? गप्प तरी राहता आलं असतं.

आत्ता त्यांचा फोन आला. जुन्या कामगारांना घरोघरी जाऊन बातमी दिलीय त्यांनी. "बावीस जण तयार हायेत. पुढच्या रविवारी साहेबांपुढं किती आणू?"

खरं सांगायची हीच वेळ होती.

"चौघं पुरेत," मी म्हणालो. "सगळ्यात म्हातारे दिसणारे आणा."